परसात रोलर कोस्टर: बांधायला सुरुवात शेवटाकडून करा

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत घरामागची जमीन सपाट क्वचितच असते. एक पायरी वर, एक पायरी खाली, मध्ये चिऱ्यांचा गडगा, पलीकडे काजू नाहीतर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. घर बांधणाऱ्याला हा उतार त्रासाचा वाटतो, पण रोलर कोस्टर बांधायचं असेल तर याच्याइतकी चांगली जमीन दुसरी नाही. गाडीला पळवणारी शक्ती उंचीतून येते आणि ती इथे आयती मिळते.

या लेखातलं कोस्टर मुलांसाठी आहे. चाळीस किलोच्या आतलं, स्वतः नीट बसू शकणारं आणि सांगितलेलं ऐकणारं मूल, एका वेळी एकच. उंची ४ फूट, लांबी साधारण ५५ फूट. मोटर नाही, वळण नाही, आणि गोल फेरा तर विचारूसुद्धा नका. पहिल्यांदा बांधणाऱ्याने एका सरळ रेषेतच बांधावं, असं माझं ठाम मत आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, रूळ तिरका करावा लागतो, चाकांवर आडवा ताण येतो. हे सगळं शिकता येतं, पण पोटच्या पोराला बसवून शिकायचं नसतं.

आधी थोडं गणित

घर्षण धरलं नाही तर गाडीचा वेग फक्त ती किती खाली उतरली यावर ठरतो. वीस किलोचं मूल असो की चाळीसचं, वेग तोच. ३ फूट खाली उतरल्यावर तो ताशी सुमारे १५ किलोमीटर होतो, ४ फुटांवर १७ आणि ६ फुटांवर २१. हे आकडे किरकोळ वाटतील. पण ४ फूट उतरलेली गाडी भिंतीवर आदळली, तर तो मार ४ फुटांवरून खाली पडण्याइतकाच असतो. म्हणून गाडी थांबणार कशी, हे ठरल्याशिवाय ती सुटणार कुठून हे ठरवायचंच नाही.

थांबवण्याची सर्वांत खात्रीची सोय म्हणजे चढ. रुळाचा शेवट सुरुवातीइतकाच उंच ठेवला, तर वरून सोडलेली गाडी तो चढ कधीच पार करू शकत नाही. वाटेत घर्षणात थोडी शक्ती जातेच, त्यामुळे ती शेवटाच्या अलीकडे थांबते, मागे घरंगळते, दोन-चार हेलकावे घेते आणि मधल्या सपाटीवर येऊन विसावते. दोरी तुटली, ब्रेक घसरला, कोणाचं लक्ष नसलं, तरी हे असंच होणार. अमेरिकेत लमार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जी रेल्वे, म्हणजे सुरुवातीचं रोलर कोस्टर, चालवली, तिलाही दोन टोकांना दोन मनोरे होते. एकावरून सुटायचं, दुसऱ्यापाशी पोचायचं. वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, तिकीट ५ सेंट, आणि लोक रांगा लावायचे.

तेव्हा आपला आराखडा असा: दीड मीटरचा सपाट ओटा, मग १.२ मीटर उतरणारा सुमारे ४ मीटर लांबीचा उतार, मग साडेसात मीटर सपाटी, आणि शेवटी उताराचीच उलटी प्रत असलेला चढ. जागा कमी असेल तर उंची ३ फूट करा, लांबी आपोआप घटेल. सपाटी कापून उंची राखू नका.

जागा निवडताना

पहिली गोष्ट वर बघा. माडाखाली रूळ नको. नारळ आणि झावळ कधी पडतील याचा नेम नाही, आणि नारळ उतरवणारा पाडपी वर्षभर थोडाच येतो. विजेची तार वरून जात असेल तर ती जागा सोडा. विहीर, सेप्टिक टँकचं झाकण, चिऱ्यांची उघडी कड यांपासून लांब राहा.

मग खाली बघा. जांभ्याच्या कडक जमिनीवर पहारीने खणताना घाम निघतो, पण खांब हलत नाही. किनाऱ्याकडच्या रेवणीत पाया रुंद लागतो. खाजनाची, म्हणजे खाडीकाठची भुसभुशीत जमीन असेल तर तिथे बांधूच नका. पहिल्या पावसात एक खांब खचला की रूळ पिळवटतो.

तिसरं माप हाताचं. गाडीत मूल बसवून त्याला चारही बाजूंना हात ताणायला सांगा. जिथवर हात पोचतो त्याच्या पुढे आणखी वीतभर जागेत खांब, फांदी, गडगा काही नको, रुळाच्या अख्ख्या लांबीत. आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या मापांत लोक हेच विसरतात, आणि मुलांचे हात नेमके बाहेरच असतात.

लोखंड की प्लास्टिक?

परदेशात बरेच जण लाकडावर पीव्हीसीचे पाईप ठोकून रूळ करतात. पाईप हाताने वाकतो, वेल्डिंग लागत नाही. पण आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं आणि खालच्या लाकडाला वाळवी सोडत नाही. मी सव्वा इंची एमएस (साध्या पोलादाचा) पाईप घ्यायला सांगेन. बाहेरचा व्यास ४२.४ मिलिमीटर, जाडी ३.२. गॅल्वनाईज्ड घेऊ नका. जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि त्या धुराने ताप भरतो. साधा काळा पाईप, त्यावर प्रायमर आणि दोन हात ऑईलपेंट. समुद्र जवळ असेल तर इपॉक्सी प्रायमर वापरा, नाहीतर खारा वारा वर्षभरात रंगाखाली शिरतो.

पाईप ६ मीटरच्या लांबीत येतो. असे सहा-सात लागतील. दोन्ही रुळांचं मिळून वजन सव्वाशे किलोच्या आत राहतं. फॅब्रिकेटर बहुतेक किलोवर दर सांगतात, त्यामुळे हा अंदाज आधी हातात असलेला बरा.

वेल्डिंग येत नसेल तर करू नका. ज्याला येतं त्याला बोलवा. गोव्यात असा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. दिवाळीला डोळे फिरवणारा, हात हलवणारा नरकासुर उभा करणारी पोरं वाड्यावाड्यावर आहेत, आणि शिगम्याच्या चित्ररथांवर हलते देखावे बसवणारे कारागीर तर या कामात मुरलेले असतात. चाक, बेअरिंग, सांधा, तोल ही भाषा त्यांना समजावून सांगावी लागत नाही. फक्त शिगम्याच्या तोंडावर त्यांच्याकडे जाऊ नका. तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते. दिवाळी संपल्यावर काम सुरू केलं तर पाऊस दूर असतो, माणसंही मोकळी असतात.

रूळ

वाक हा सगळ्या कामाचा गाभा. खाली उतरून सपाटीला लागताना जो खोलगट वाक येतो, तिथे मुलाचं वजन वाढल्यासारखं होतं. किती वाढतं याचा सोपा हिशेब आहे: उतरलेल्या उंचीची दुप्पट करा, तिला वाकाच्या त्रिज्येने भागा, त्यात एक मिळवा. १.२ मीटर उतार आणि ४ मीटर त्रिज्या असेल तर उत्तर १.६ येतं. म्हणजे २५ किलोच्या मुलाला क्षणभर आपण ४० किलोचे झालो असं वाटेल. हे मजेचं आहे. त्रिज्या दीड मीटरवर आणली तर हाच आकडा २.६ होतो आणि मान खाली दाबली जाते. म्हणून तळाची त्रिज्या ४ मीटरपेक्षा कमी नको. वरच्या ओट्यावरून उताराला लागताना गाडी हळू असते, तिथे २ मीटर पुरते.

हा वाक कागदावर काढू नका. अंगणात किंवा गच्चीवर खऱ्या मापात खडूने काढा. खिळा ठोका, ४ मीटर दोरी बांधा, टोकाला खडू धरून फिरवा. मधल्या सरळ उताराला दर मीटर उंचीमागे साधारण २.१ मीटर पुढे सरकायचं आहे. ही रेघ तयार झाली की तीवर मोजून पाईपवर खुणा करा आणि रोल बेंडिंगचं यंत्र असलेल्या फॅब्रिकेटरकडे न्या. पाईप हाताने वाकवायला जोर लावू नका, तो चेपतो. वाकवून आणल्यावर तपासायची युक्ती: मीटरभर लांबीची सरळ पट्टी वाकाच्या आतल्या बाजूला टेकवा. बरोबर मध्यावर पट्टी आणि पाईप यांत ४ मीटर त्रिज्येला ३१ मिलिमीटर फट दिसली पाहिजे, २ मीटर त्रिज्येला ६३. दोन्ही रुळांची फट सारखी येईपर्यंत काम स्वीकारू नका.

दोन रुळांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १८ इंच ठेवा आणि ते शेवटपर्यंत १८ इंचच राहिलं पाहिजे. त्यासाठी लोखंडी पट्टीचं एक पक्कं माप करून घ्या आणि प्रत्येक वेल्डिंगच्या आधी व नंतर लावून बघा. वेल्डिंग थंड होताना लोखंड आखडतं, त्यामुळे नंतरची तपासणी महत्त्वाची. दर दोन फुटांवर आडवी पट्टी लागेल. ती पाईपच्या खालून जोडायची नाही. दोन्ही पाईपांच्या आतल्या अंगाला जोडायची. पाईपचा वरचा, बाहेरचा आणि खालचा भाग अख्ख्या लांबीत मोकळा राहायला हवा. तिथून चाकं जाणार आहेत.

रूळ एकसंध करू नका. अडीच-तीन मीटरचे तुकडे करा आणि ते बोल्टने जोडा, म्हणजे पावसाआधी सोडवता येतील. जोडाच्या जागी पाईपच्या आत जाड नळीचा तुकडा घालून दोन टोकं एका रेषेत धरा. कानशीने आणि ग्राइंडरने कड घासून झाली की जोडावरून कापूस फिरवा. कापसाचा एक धागाही अडकला तर अजून घासायचं आहे.

खांब दर ४ फुटांना, ४० बाय ४० मिलिमीटरच्या चौकोनी नळीचे. तळाला जाड प्लेट, तिच्याखाली फूटभर लांब-रुंद-खोल काँक्रीट, आणि बोल्ट काँक्रीटमध्ये. नुसत्या चिऱ्यावर खांब टेकवून भागत नाही. चिरा वजन पेलतो, पण आडवा धक्का पेलत नाही. दोन फुटांपेक्षा उंच प्रत्येक खांबजोडीला फुलीसारखे तिरके आधार द्या, आडव्या दिशेला आणि रुळाच्या दिशेलाही.

गाडी

गाडीला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात तीन चाकं: एक वर, एक बाहेरून बाजूला, एक खाली. वरचं वजन घेतं, बाजूचं रुळावर ठेवतं, खालचं गाडी उचलू देत नाही. खालच्या चाकाची कल्पना जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याची. १९१९ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून कोस्टर उंच आणि वेगवान होऊ शकले. आपल्या ४ फुटांना त्याची काय गरज, असं कोणी म्हणेल. गरज आहे. मूल एका बाजूला झुकतं, पाय झाडतं, उठायला बघतं, आणि अशा वेळी गाडीला रुळाशी धरून ठेवणारं खालच्या चाकाशिवाय दुसरं काहीच नसतं. खालचं चाक नसलेल्या गाडीत मी कोणाचंच मूल बसू देणार नाही.

चाकं पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या, वरची ४ इंची, बाकीची ३ इंची. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबराने बंद असलेलं हवं, कारण आपली तांबडी धूळ उघड्या बेअरिंगमध्ये आठवड्यात शिरते. आस म्हणून १२ मिलिमीटरचे बोल्ट, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले, आणि नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे. खालचं चाक आणि पाईप यांत ३ मिलिमीटर फट सोडा, बाजूच्या चाकालाही तेवढीच. फट न ठेवता घट्ट बसवलं तर सपाटीवर गाडी छान पळते आणि वाकात येऊन अडकते.

पुढची-मागची चाकं दोन फूट अंतरावर आणि गाडीचं पोट रुळापासून दोन इंच वर असू द्या, नाहीतर ओट्याच्या कडेवर ते घासेल. बैठक शक्य तितकी खाली. पाठ डोक्याच्या वरपर्यंत उंच हवी, कारण ही गाडी मागेही धावते. पाय पेटीच्या आत, कोपरं बाजूच्या फळ्यांच्या आत. मांडीवर फोम गुंडाळलेला आडवा दांडा, जो बाहेरून खिळीने बंद होतो आणि मुलाला स्वतः उघडता येत नाही. शिवाय कमरेला पट्टा. भंगारातल्या गाडीचा जुना पट्टा नको. उन्हाने कुजलेला धागा बघून कळत नाही.

सपाटीच्या मध्यावर रुळांमध्ये एक फळी बसवा, तिच्यावर रबर. खाणपट्ट्यात भंगारवाल्याकडे कन्व्हेअर बेल्टचा तुकडा मिळतो का विचारा, त्याच्याइतकं टिकाऊ रबर नाही. गाडीच्या पोटाखालची लाकडी पट्टी या रबरावर हलकीशी घासते आणि हेलकावे लवकर थांबतात. फळी बोल्टवर वर-खाली होईल अशी ठेवा. तिचं काम गाडी लवकर विसावावी एवढंच. सुरक्षितता चढावर अवलंबून आहे, या फळीवर नाही.

वर कसं न्यायचं

मूल पायऱ्यांनी चढतं, गाडी रिकामी ओढायची. विहिरीवरची कप्पी आणि चांगला दोर पुरतो. तीस किलोची रिकामी गाडी या उतारावर ओढायला जेमतेम तेरा-चौदा किलोचा जोर लागतो. उतारावर दर दोन फुटांना आडव्या पट्टीत अडकणारी बिजागरीची जीभ गाडीच्या पोटाला लावा, म्हणजे दोर सुटला तरी ती मागे येणार नाही. सोडताना जीभ वर अडकवून ठेवायची. ओट्यावर गाडी खिळीने बांधलेली असली पाहिजे. हाताने धरून मूल बसवायचं नाही. खिळी काढण्याचं काम एकाच मोठ्या माणसाचं, आणि त्याने रूळ रिकामा आहे हे बघून मोठ्याने सांगायचं.

चाचणी

रबराची फळी काढून टाका. गाडीत काहीही न ठेवता ती उताराच्या एक तृतीयांश उंचीवरून सोडा, मग दोन तृतीयांश, मग ओट्यावरून. कान द्या. एकसारखी घरघर हवी. खट् असा आवाज जिथे येतो तिथे खडूची खूण करा आणि तो जोड पुन्हा घासा. त्यानंतर वाळूच्या गोण्या बैठकीला घट्ट बांधा, आधी २० किलो, मग ४०, मग ८०. ऐंशी किलोने वीस-पंचवीस फेऱ्या होईपर्यंत मूल जवळपासही नको. दर काही फेऱ्यांनी वेल्डिंगचे जोड बघा, रंगाला केसासारखी चीर दिसते का ते. प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे.

जुना फोन असेल तर फोममध्ये गुंडाळून गोणीला बांधा आणि फायफॉक्स हे मोफत ॲप चालू करा. तळाच्या वाकात दिसणारा आकडा ९.८ ने भागला की उत्तर १.६ च्या आसपास किंवा थोडं कमी येईल. मध्येच टोकदार उसळी दिसली तर तिथे वाक नीट नाही किंवा जोड बसलेला नाही.

शेवटच्या चढावर गाडी किती वर गेली तिथे खडूने नाही, रंगाने खूण करा. हीच तुमची रोजची तपासणी. त्या दिवसाची पहिली फेरी कायम गोणी घालून करायची. गाडी खुणेपर्यंत गेली तर ठीक. वीतभर अलीकडे थांबली तर बेअरिंगमध्ये धूळ आहे, चाक घासतंय किंवा एखादा खांब खचलाय. कारण सापडेपर्यंत कोणी बसायचं नाही.

मुलाच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, केस बांधलेले, ओढणी किंवा लोंबणारं काही नाही. गाडी पूर्ण थांबेपर्यंत रुळाजवळ कोणी यायचं नाही. बघणाऱ्या मुलांसाठी रुळापासून दोन मीटर अंतरावर दोरी बांधून घ्या. धावत्या गाडीकडे धाव घेणारं लहान भावंड हा गाडीतल्या मुलापेक्षा मोठा धोका असतो. रूळ ओला असेल, दव असेल, तर त्या दिवशी बंद.

पाऊस आणि पुढचा हंगाम

मे संपायच्या आत रुळाचे तुकडे सोडवा, चिऱ्यांवर रचून वर ताडपत्री घाला, पण बाजू उघड्या ठेवा. बंद ढिगाऱ्यात ओल धरते आणि साप आसरा घेतात. चाकं आणि पट्टा घरात. खांब तिथेच राहिले तरी चालतील, फक्त बोल्टना ग्रीस लावा. चतुर्थी आटोपल्यावर गंज घासून रंगाचा एक हात द्या, पाया ओळंब्याने तपासा, आणि चाचणी पहिल्या गोणीपासून परत करा.

एक हंगाम नीट चालवलात की सपाटीत उंचवटा घालता येईल. ४० सेंटिमीटर उंच, त्याहून नको. त्याच्या माथ्याची त्रिज्या ओट्यापासून माथ्यापर्यंतच्या उताराच्या चौपट, म्हणजे ३.२ मीटर घ्या. तिथे मुलाला आपलं वजन साधारण अर्धं झाल्यासारखं वाटतं, पोटात गोळा येतो. त्रिज्या १.६ मीटरच्या खाली गेली तर गाडी रूळ सोडून उडायला बघेल आणि सगळा भार खालच्या चाकांवर येईल. दोन्ही बाजूंना मिळून हा उंचवटा ४.७ मीटर जागा घेतो. रबराची फळी मग त्याच्या पलीकडे, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी सरकवा.